जुनी फियाट, नवी मोटार आणि फाट्यावरचा मिस्त्री

पुणे-सातारा मार्गावर पुण्याहून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर असलेले कापूरहोळ इतिहासप्रेमींना धाराऊचे गाव म्हणून परिचित आहे. बाल संभाजीराजांना दूध पाजणारी धाराऊ गाडे ही इथली. प्रवाशांच्या लेखी मात्र कापूरहोळ म्हणजे फाटा. येथून एक रस्ता भोरकडे व तेथून वरंधा घाटाने महाडला उतरतो; दुसरा नारायणपूरवरून सासवडला जातो; आणि मुख्य मार्ग सारोळ्यापाशी नीरा ओलांडून शिरवळमार्गे खंबाटकीच्या पायथ्याशी पोचतो. पाठीशी कात्रजचा घाट आणि पुढ्यात खंबाटकीचा, असा हा दोन चढांमधला सपाटीचा टप्पा आहे. मोटारगाडीला घाट चढणे ही परीक्षा वाटे त्या काळी अशा टप्प्यांना फार महत्त्व होते. गाडीला पाणी पाजावयाचे, बॉनेट उघडून इंजिनाला वारा द्यावयाचा आणि मगच पुढची वाट धरावयाची, असा रिवाज होता.

आज त्याच रस्त्यावरून नव्या मोटारी न थांबता, न धापा टाकता निघून जातात. क्वचित एखाद्या सुटीच्या दिवशी कोणी हौशी माणूस निगुतीने राखलेली प्रीमियर पद्मिनी घेऊन भोरच्या बाजूला येतो आणि चहासाठी थांबतो. मग भोवती घोळका जमतो. वयस्क मंडळी पत्र्यावर बोटांनी टकटक करून पाहतात, आणि एक वाक्य हमखास कानी पडते: ‘असली गाडी आता होणे नाही.’ या उद्गारात कौतुक किती आणि तथ्य किती, हे एकदा नीट तपासून पाहण्याजोगे आहे. कारण वरकरणी तो प्रश्न हौसेचा असला, तरी त्याच्या पोटात अर्थशास्त्राचा एक बराच गंभीर प्रश्न दडलेला आहे.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. आरंभी तेथे अमेरिकन बनावटीच्या गाड्यांची जुळणी होई. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन फियाट ११०० निघू लागली. इटलीत १९६२ साली आलेला आणि चारेक वर्षांत तेथे मागेही पडलेला नमुना आपल्याकडे १९६४ मध्ये अवतरला. सत्तरच्या दशकाच्या मध्याला त्याचे ‘पद्मिनी’ असे बारसे झाले आणि शतक पालटेपर्यंत तोच नमुना, किरकोळ फेरफारांनिशी, कारखान्यातून बाहेर पडत राहिला. लोकांनी मात्र अखेरपर्यंत तिला फियाटच म्हटले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि टॅक्सीसाठी ठरविलेली २० वर्षांची मुदत भरताच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली.

तुलना करावयाची तर ती तुल्यबळांत करावी. पद्मिनीशेजारी आजची, मध्यमवर्गाच्याच आवाक्यातली एखादी गाडी उभी करावी. मे २०२४ मध्ये बाजारात आलेली नवी स्विफ्ट त्यासाठी सोयीची आहे. पद्मिनीचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, स्विफ्टचे ११९७. वजन दोघींचेही नऊशे किलोच्या आसपास. म्हणजे ओझे आणि यंत्राचा आकार जवळपास सारखाच. परंतु पद्मिनीचे चार सिलिंडर जेथे चाळीसच्या आसपास अश्वशक्ती देत, तेथे स्विफ्टचे तीनच सिलिंडर तिच्या दुप्पट देतात. एका लिटरमध्ये दहा-बारा किलोमीटर गेली तर पद्मिनीचा मालक समाधानी असे. स्विफ्टचा चाचणीत प्रमाणित झालेला आकडा २४.८ किलोमीटरचा आहे. प्रयोगशाळेतला आकडा रस्त्यावर मिळत नाही हे खरेच. त्यातून चौथा हिस्सा वजा केला तरी फरक डोळ्यांत भरण्याइतका राहतोच.

धुराच्या बाबतीत तर तुलना करण्याचेही कारण नाही. पद्मिनीच्या आयुष्याचा बहुतेक काळ देशात शिसेयुक्त पेट्रोल विकले जात होते. ते सर्वत्र बंद झाले १ फेब्रुवारी २००० रोजी. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘भारत सहा’ मानकांनी इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत दहा भागांवर आणून ठेवले. पुण्याच्या एखाद्या चौकात सिग्नलला उभ्या असलेल्या पन्नास पद्मिनींची कल्पना ज्याला करता येते, त्याला या आकड्याचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

उरतो तो पत्रा. जुन्या गाडीचा पत्रा जाड, म्हणून ती दणकट आणि म्हणूनच सुरक्षित, ही समजूत इतकी रुजलेली आहे की तिला आकड्यांनी हात लावता येत नाही. तिला एका प्रत्यक्ष प्रयोगाने मात्र चांगलाच धक्का दिला. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी, महामार्गावरील सुरक्षिततेचा अभ्यास करणारी एक संस्था आहे. २००९ साली आपल्या स्थापनेला ५० वर्षे झाल्याचे निमित्त साधून तिने एकाच कंपनीच्या दोन गाड्या समोरासमोर आदळविल्या: १९५९ सालची शेव्हरोले बेल-एअर आणि २००९ सालची शेव्हरोले मॅलिबू. वेग ताशी सुमारे ६४ किलोमीटर. दोन्ही गाड्यांत माणसाच्या जागी मोजमापाचे पुतळे बसविले होते. भरदार, पोलादी, डौलदार बेल-एअर आत कोसळली; तिच्या काचेशेजारचा खांब मागे ढकलला गेला, सुकाणूचे चाक पुतळ्यावर आले आणि त्या जागी माणूस असता तर तो जागीच गेला असता, असा निष्कर्ष निघाला. मॅलिबूच्या चालकाच्या पायाला दुखापत झाली असती, इतकेच. नव्या गाडीचा पुढचा भाग चुरगळतो म्हणून लोक हळहळतात. पण तो चुरगळावा म्हणूनच तसा घडविलेला असतो. धक्क्याचे बळ पत्र्याने खावे, बरगड्यांनी खाऊ नये, ही त्यामागची योजना.

योगायोग असा की, ज्या १९५९ साली ती बेल-एअर तयार झाली त्याच वर्षी स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीतील नील्स बोलिन या अभियंत्याने बेतलेला तीन ठिकाणी अडकणारा सुरक्षा-पट्टा गाड्यांत बसू लागला. त्या कंपनीने त्याचे पेटंट इतर मोटार-उत्पादकांना खुले ठेवले. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

सुरक्षिततेच्या या हिशेबाला एक पुस्ती जोडणे अवश्य आहे. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मृत्युमुखी पडली आणि त्यांत दुचाकीस्वारांचा व पादचाऱ्यांचाच भरणा मोठा होता. गाडीतल्या एअरबॅगा आतल्यांसाठी असतात. कापूरहोळच्या फाट्यावर डोक्यावर भारा घेऊन महामार्ग ओलांडणाऱ्या बाईसाठी त्यांचा काही उपयोग नाही. उलट आतला चालक जितका निर्धास्त तितका त्याचा वेग अधिक, आणि बाहेरच्यांची धास्तीही तितकीच अधिक. तथापि हा दोष गाडीपेक्षा रस्त्याच्या आखणीचा आहे, आणि त्यासाठी जुन्या गाडीकडे परत जा असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही.

मग ‘असली गाडी होणे नाही’ हे म्हणणे सर्वस्वी भ्रामक समजावयाचे काय? तसे नाही. मात्र या म्हणण्यात गाडीविषयी जितके आहे त्याहून अधिक त्या काळाविषयी आहे. देशात तीनच कंपन्या मोटारी बनवीत होत्या: कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला ॲम्बॅसिडर, मुंबईत फियाट आणि मद्रासला स्टँडर्ड. सगळ्यांचे मिळून उत्पादन वर्षाला तीस-चाळीस हजारांच्या आसपास. किती गाड्या काढावयाच्या, काय किमतीला विकावयाच्या, यावर सरकारचा अंमल. १९५९ च्या मोटारगाडी वाटप व विक्री नियंत्रण आदेशाप्रमाणे नवी गाडी घेतल्यावर दोन वर्षांच्या आत ती परवानगीवाचून विकतासुद्धा येत नसे. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. लग्नाच्या वेळी नोंदलेली फियाट बारशालाही आली नाही, अशी थट्टा त्या पिढीने केलेली आहे. २०२४-२५ या वर्षात देशात सुमारे ४३ लाख प्रवासी मोटारी विकल्या गेल्या. म्हणजे त्या काळी वर्षभरात जेवढ्या गाड्या बनत, तेवढ्या आता तीन-चार दिवसांत खपतात.

याच संदर्भात अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला जॉर्ज ॲकरलॉफ यांच्या १९७० सालच्या प्रसिद्ध निबंधाची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. नवी कोरी मोटार दुकानातून बाहेर पडताक्षणी तिची किंमत धाडकन का उतरते, हे कोडे त्यांनी घेतले होते. विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक, घेणाऱ्याला ते ठाऊक नाहीत; म्हणून घेणारा प्रत्येक जुनी गाडी खराबच असेल असे धरून चालतो आणि चांगल्या गाडीलाही भाव मिळत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. या विचाराबद्दल त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मौज अशी की ज्या सुमारास हा निबंध लिहिला जात होता, त्याच सुमारास भारतात चालू स्थितीतली, दोन-तीन वर्षांची फियाट नव्या गाडीच्या सरकारी किमतीहून अधिक भावाने हातोहात खपत होती. ॲकरलॉफ यांचा सिद्धान्त चुकला होता असे नव्हे. टंचाईपुढे सगळेच सिद्धान्त काही काळ मान तुकवितात. गाडी जपली जाई ती अजोड म्हणून नव्हे, दुसरी मिळण्याची आशा नसे म्हणून. या दृष्टीने पाहता पद्मिनीचे दीर्घायुष्य हे पोलादाचे कर्तृत्व कमी आणि परवाना पद्धतीचे अधिक होते.

परंतु टंचाईच्या या नापीक जमिनीत एक रोप मात्र जोमाने वाढले, आणि जुन्या गाडीचे खरे मोल तेथे आहे. ते रोप म्हणजे दुरुस्तीची विद्या.

पद्मिनीचे बॉनेट उघडले की आतले सारे यंत्र उघड्या संसारासारखे समोर दिसे. हा कार्बुरेटर, हा डिस्ट्रिब्यूटर, ही कॉइल, हे चार प्लग, हा पंखा आणि त्याचा पट्टा. हात घालावयास जागा असे आणि प्रत्येक भाग काय करतो हे नुसत्या पाहण्याने उमगे. कात्रज चढताना गाडी आचके देऊन बंद पडली तर इंजिनाच्या उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली असणार, हे क्लीनरच्या पोरालाही कळे; तो इंजिनाला जोडलेल्या छोट्या पेट्रोलपंपावर ओला फडका टाकी, दहा मिनिटे थांबे आणि गाडी पुन्हा सुरू होई. पॉइंट काजळले तर पॉलिश पेपरने घासावेत, प्लग ओला झाला तर पुसावा, बॅटरी उतरली तर चौघांनी मिळून धक्का मारावा. समोरचा गोल दिवा फुटला तर तो सर्वसामान्य मापाचा, कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळणारा. या गाडीला लाड फार लागत. दर दोन-तीन हजार किलोमीटरला ग्रीसची पिचकारी, उन्हाळ्यात पाण्याचा डबा, पावसाळ्यात झाकणाखाली ओल जाऊ नये म्हणून यातायात. ती वारंवार बंद पडे. परंतु बंद पडली तरी ती मालकाच्या आणि मिस्त्रीच्या आवाक्याबाहेर जात नसे. फाट्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये एखादा मिस्त्री आणि त्याच्या हाताखाली दोन पोरे, एवढ्या भांडवलावर तिचा बहुतेक संसार निभावे. ती पोरे शाळेत नापास झालेली असत आणि दहा वर्षांत स्वतः मिस्त्री होत. ही शिक्षणपद्धती सदोष होती, कष्टाची होती, बालवयात राबवून घेणारीही होती; पण तिच्यात विद्या हातातून हातात जात होती.

आता नव्या गाडीचे बॉनेट उघडावे. प्लॅस्टिकचे एक काळे झाकण, तेलाची डिपस्टिक आणि काच धुण्याच्या पाण्याचे भांडे, एवढेच मालकासाठी ठेवलेले असते. बाकीचा कारभार लहान लहान संगणकांच्या हाती गेला आहे. इंजिनात किती इंधन सोडावयाचे, ठिणगी कोणत्या क्षणी पाडावयाची, ब्रेक कोणत्या चाकाला किती लावावयाचा, हे निर्णय दर सेकंदाला कित्येकदा घेतले जातात आणि इतके चांगले घेतले जातात की गाडी वर्षानुवर्षे कुरकुरत नाही. हे श्रेय निःसंकोच दिले पाहिजे. प्रश्न उभा राहतो तो क्वचित ती कुरकुरते तेव्हा. डॅशबोर्डवर इंजिनाचे पिवळे चित्र उजळते. त्याचा अर्थ काय, हे गाडीला ठाऊक असते; तिच्या स्मृतीत दोषाचा क्रमांक नोंदलेला असतो. पण मालकाला तो वाचता येत नाही आणि फाट्यावरच्या मिस्त्रीलाही पुरता वाचता येत नाही. बाजारात मिळणारे स्वस्त वाचनयंत्र काही ठरावीक क्रमांक सांगते. कंपनीचे स्वतःचे संकेत, आणि नवा भाग बसविल्यावर तो गाडीने ‘ओळखावा’ म्हणून करावी लागणारी जुळवणी, कंपनीच्या यंत्राखेरीज होत नाही. मग पन्नास रुपयांच्या तारेचा दोष असो की पन्नास हजारांच्या सुट्या भागाचा, गाडी दुसऱ्या गाडीच्या पाठीवर चढून पुण्याला जाते.

ॲकरलॉफ यांच्या कोड्याला मिळालेले हे नवे वळण आहे. त्यांच्या निबंधात गाडीचे मर्म विकणाऱ्या मालकाला ठाऊक होते आणि घेणारा अंधारात होता. आता मालक स्वतःही अंधारात आहे. गाडीची किंमत त्याने चुकती केली आहे, कर भरला आहे, नोंदणीपुस्तकावर त्याचे नाव आहे. पण तिला काय झाले आहे हे जाणण्याची किल्ली उत्पादकाच्या खिशात आहे. ज्या वस्तूचा दोष मालकाला कळू शकत नाही आणि तो दुरुस्त कोणाकडून करावयाचा हेही ठरविता येत नाही, त्या वस्तूवरची त्याची मालकी पुरती म्हणता येईल काय? भोर-वेल्ह्याकडची गाडी घेतलेली कुटुंबे बहुतांशी कर्ज काढून ती घेतात. त्यांच्या दृष्टीने गाडीची किंमत विकत घेतानाची नसते. दहा वर्षांतल्या हप्त्यांची, इंधनाची, विम्याची आणि दुरुस्तीची मिळून असते. यांपैकी इंधनाचा खर्च नव्या गाडीने खाली आणला. दुरुस्तीच्या खर्चाला मात्र स्पर्धेची वेसण उरलेली नाही. वॉरंटी संपल्यावर तो कितीवर जाईल याचा अंदाज गाडी घेताना कोणालाच करता येत नाही.

ही केवळ तक्रारखोर कल्पना नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिलेल्या एका निर्णयात तब्बल १४ मोटार-उत्पादकांना दोषी धरले होते. सुटे भाग खुल्या बाजारात येऊ न देणे, स्वतंत्र गॅरेजांना दोष-तपासणीची उपकरणे व दुरुस्तीची माहितीपत्रके न पुरविणे, आणि बाहेर दुरुस्ती केल्यास वॉरंटी जाईल असा धाक ठेवणे, असे त्यांतील मुख्य ठपके होते. दंडाची एकत्रित रक्कम सुमारे २,५४५ कोटी रुपयांची होती आणि सुटे भाग व उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करून द्यावीत असेही बजावण्यात आले होते. दंडाचे प्रकरण पुढे वरच्या न्यायासनांकडे गेले. निर्णयाला दशक उलटून गेले तरी लहान गावच्या गॅरेजात उत्पादकाचे दुरुस्ती-पुस्तक अधिकृतपणे विकत घेऊन ठेवलेले सापडणे हे आजही नवल ठरावे.

उत्पादकांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि त्याचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. आजची गाडी ही नाजूक यंत्रणा आहे; एअरबॅगच्या जोडणीत अजाण हाताने ढवळाढवळ केली तर ती नको तेव्हा फुटेल किंवा हवी तेव्हा फुटणार नाही. बेल-एअर आणि मॅलिबू यांच्या टकरीत जो फरक दिसला तो टिकवावयाचा तर दुरुस्तीही त्याच दर्जाची हवी. हे म्हणणे रास्त आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष असा की मिस्त्रीला शिकविले पाहिजे आणि तपासले पाहिजे. त्याला अज्ञानात ठेवून गाडी सुरक्षित होत नाही. तो अंदाजाने काम करतो आणि धोका उलट वाढतो. विजेच्या तारांना कोणीही हात लावू नये म्हणून वायरमन परवाना देऊन तयार केले गेले. विद्याच कुलपात घातली गेली नाही. सुरक्षा-पट्ट्याचे पेटंट खुले ठेवणाऱ्या कंपनीचे त्यामुळे काही बिघडले असे इतिहास सांगत नाही. ज्यांच्या गाड्यांत आज तोच पट्टा बसतो, त्यांनी दोषाचा क्रमांकसुद्धा व्यापारी गुपित मानावा, हे थोडे चमत्कारिक दिसते.

सरकारचे धोरण या बाबतीत दोन दिशांना ओढले जात आहे. एकीकडे जुन्या गाड्या रस्त्यावरून हटविण्याचा आग्रह आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये भंगार धोरण जाहीर झाले. १५ वर्षांच्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि २० वर्षांपुढील मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० करण्यात आले. हा भार गाडीच्या वयावर आहे, तिच्या धुरावर नाही. वर्षाला दोन हजार किलोमीटर चालणारी, नीट राखलेली गाडी आणि रोज शंभर किलोमीटर धूर ओकत धावणारी गाडी, दोघींना एकच दर. दुसरीकडे २०२१ च्याच जुलैमध्ये आलेल्या नियमाने ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली; मात्र अशी गाडी नित्याच्या वापरासाठी चालविता येत नाही. म्हणजे पंधराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत गाडीने संशयित म्हणून दंड भरीत राहावयाचे आणि पन्नाशी उलटली की एकाएकी ती राष्ट्राचा ठेवा व्हावयाची! १९७४ सालची एखादी पद्मिनी २०२४ मध्ये या ठेव्यात दाखल होण्यास पात्र झाली. मधली पस्तीस वर्षे तिला कोणी जपावे आणि कशाच्या बळावर, याचे उत्तर त्या नियमांत नाही. गाडीचा धूर आणि ब्रेक यांची यंत्राने काटेकोर तपासणी करून त्याप्रमाणे शुल्क ठरविणे अधिक न्यायाचे झाले असते. त्या तपासणीत बऱ्याच पद्मिनी नापास होतील, हे उघड आहे. होऊ द्याव्यात.

दुरुस्तीच्या हक्काची चर्चाही सरकारदरबारी पोचली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठी एक पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि मोटारगाड्या असे चार विभाग त्यात आहेत. पाऊल स्वागतार्ह आहे, पण कंपन्यांनी दिलेली माहिती एका जागी मांडणे निराळे आणि ती देण्याची कायद्याने सक्ती करणे निराळे. युरोपीय संघाने २००७ च्या नियमाने मोटार-उत्पादकांवर दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना वाजवी शुल्काने देण्याचे बंधन घातले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनी थेट कौल देऊन तसाच कायदा पदरात पाडून घेतला. या दोन्ही ठिकाणी मोटार-उद्योग बुडालेला नाही, आणि तेथील गाड्या अधिक असुरक्षित झाल्याचा पुकाराही नाही. आपल्याकडे हा कायदा झाला तर त्याबरोबर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार-मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाला प्रत्यक्ष नव्या गाड्या आणि तपासणी-यंत्रे पुरवावी लागतील. ज्या पोराला शिकण्यासाठी जुनाट इंजिन उघडून दिले, त्याने नव्या गाडीचे संगणक ओळखावेत अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

घाई करण्याचे आणखी एक कारण आहे. पेट्रोलच्या गाडीमागून आता विजेची गाडी येत आहे. तिच्यात कार्बुरेटर नाही, प्लग नाहीत, पंख्याचा पट्टा नाही. बिघडण्याजोगे हलते भाग फारच थोडे. पण तिच्या किमतीचा मोठा हिस्सा एकट्या बॅटरीत असतो, आणि शेकडो घटांच्या त्या पेटीतला एखादा घट निकामी झाला तर तेवढाच बदलावयाचा की सारी पेटी, यावर ती गाडी दहाव्या वर्षी मालमत्ता ठरणार की भंगार, हे अवलंबून राहील. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या बॅटरी-नियमाप्रमाणे फेब्रुवारी २०२७ पासून विजेच्या गाडीच्या प्रत्येक बॅटरीबरोबर तिची डिजिटल जन्मपत्रिका द्यावी लागणार आहे: घटक काय, क्षमता किती, उरलेले बळ किती. भारतात अशी पत्रिका सक्तीची करावयाची झाल्यास ती कंपनीच्या तंत्रज्ञापुरती ठेवावयाची की कापूरहोळच्या फाट्यावरच्या प्रशिक्षित मिस्त्रीलाही वाचता येईल अशी करावयाची, हे नियमांचा मसुदा लिहितानाच ठरवावे लागेल. विजेच्या लाखो गाड्या रस्त्यावर आल्यानंतर ते ठरविणे पेट्रोलच्या गाड्यांच्या बाबतीत किती अवघड गेले, हे २०१४ च्या त्या निर्णयानंतरच्या वर्षांनी दाखवून दिलेलेच आहे.